वरच्या घरातल्या वॉशिंग मशीनचा पाइप सुटला, खालच्या घराचं सीलिंग पडलं. भरपाई कुणी द्यायची?

नाइलाजाने_सचिव

पुण्यात आमची २४ घरांची, सहा मजल्यांची जुनी सोसायटी आहे. गेल्या एजीएमला सचिव व्हायला कुणी तयार होईना. मी गप्प बसले होते, तीच माझी संमती धरली गेली. असो.

४०२ चे मालक बंगळुरूला असतात. फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर एका जोडप्याला दिलाय. घर फर्निश्ड, म्हणजे वॉशिंग मशीनसुद्धा मालकांचंच. गेल्या शनिवारी दुपारी दोघं बाहेर गेलेली असताना मशीनचा इनलेट पाइप नळाच्या तोंडाशी निसटला. मशीन चालू नव्हतं, पण त्याचा नळ उघडा होता. पाणी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, दाराखालून पॅसेजमध्ये आणि तिथून लिफ्टच्या डक्टमध्ये गेलं. खाली ३०२ मध्ये सत्तरीचे काका-काकू राहतात. त्यांच्या हॉलच्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगला आधी फुगा आला आणि मग मोठा तुकडा सोफ्यावर पडला. काकू नुकत्याच तिथून उठल्या होत्या म्हणून वाचल्या.

गच्चीवरच्या व्हॉल्व्हांपैकी ४०२ चा कुठला, हे वॉचमनला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एकेक बंद करून बघण्यात बराच वेळ गेला.

३०२ चं नुकसान: हॉल आणि स्वयंपाकघराचं फॉल्स सीलिंग, तीन भिंती, काही दिवे, ओट्यावरची कपाटं तळाशी फुगलीत. काकांनी आणलेलं कोटेशन २,१०,००० रुपयांचं आहे, त्यात सगळ्या घराचा रंग धरलाय. लिफ्टचा पिट उपसणं आणि लिफ्टचं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलणं, १८,००० रुपये.

आता मतं ऐका. काका म्हणतात, पाणी ज्याच्या घरातून आलं त्याने पै न् पै द्यावी. मालक फोनवर म्हणतात, घर भाडेकरूच्या ताब्यात, नळ त्याने उघडा ठेवला, तेव्हा त्याच्या डिपॉझिटमधून कापतो. भाडेकरू म्हणतो, मशीन तुमचं, पाइप तुमचा. आमचे चेअरमन म्हणतात, गळती म्हणजे फिफ्टी-फिफ्टी, तसा नियमच आहे. आणि खजिनदारांनी सुचवलंय की सगळे पैसे ४०२ च्या मेंटेनन्स बिलात लावून मोकळं व्हा.

रविवारी मीटिंग आहे. कुणाला असा अनुभव असेल, कायद्याची माहिती असेल तर प्लीज लिहा.

उगाच_एक

चहा टाकलाय. बसतो.

पेन्शनर_पुणे

चेअरमन बरोबर आहेत. आमच्याकडे वर्षानुवर्षं अर्धं वरच्याने, अर्धं खालच्याने असंच चालत आलंय. कोर्टकचेऱ्या करण्यापेक्षा हे बरं. शेजारधर्म नावाची काही गोष्ट आहे की नाही?

टीपकागद

भरपाईचं नंतर बघा, आधी ३०२ मध्ये जाऊन काही गोष्टी करून घ्या. मी इंटिरियरची कामं करते, त्यामुळे हे प्रकार नेहमी बघते.

सीलिंगचा जो भाग अजून लोंबतोय किंवा फुगलाय त्याच्या वर पाणी साठलेलं असू शकतं. त्या खोल्यांच्या लाइट-पंख्याचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) खाली पाडा, खाली बादली ठेवा आणि फुगवट्याच्या मधोमध बारीक भोक पाडून पाणी काढून टाका. ते आपोआप पडायची वाट बघू नका. इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्याशिवाय एमसीबी वर करायचा नाही. दिवे पुसून परत लावायला बरेच जण उतावीळ असतात.

दुसरं, रंगाची घाई करायची नाही. स्लॅब आणि प्लास्टर वरून कोरडे दिसतात, आत पाणी असतं. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद लावा, दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दव दिसलं तर थांबा. ओल्यावर पुट्टी मारली की पावसाळ्याआधीच पोपडे निघतात आणि मग भांडण पुन्हा पहिल्यापासून.

कपाटं कशाची आहेत? प्लाय असेल तर काही भाग वाचतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की तो गेला.

आणि काहीही काढून टाकण्याआधी फोटो काढा, तारखेसकट.

कज्जेदलाल

वकिली करतो, पण हा सल्ला फुकट आहे, तेव्हा त्याच किमतीचा समजा.

सगळ्यात आधी फिफ्टी-फिफ्टीबद्दल. असा कुठलाही कायदा नाही. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, दुरुस्तीचा जो उपविधी आहे (२०१४ च्या प्रतीत १५९, आधीच्या प्रतींत १६०), त्यात सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे: बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, टाक्या, पंप, जिने, गच्ची आणि असंच बरंच. त्या यादीत जे नाही ते सभासदाने स्वखर्चाने करायचं. पन्नास टक्के हा आकडा त्यात कुठेही नाही. वरच्या बाथरूमचा कोबा (फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर) झिरपतो, नेमकं कुठून ते सापडत नाही, दोघांनाही फोडाफोडी नको असते, अशा वेळी लोकांनी काढलेली ती तडजोड आहे. इथे पाणी कुठून आलं याबद्दल वादच नाही. मग काकांनी अर्धे पैसे कशासाठी द्यायचे?

शिवाय उपविधी दुरुस्ती कुणी करायची ते सांगतात. नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे, तिथे प्रश्न निष्काळजीपणाचा येतो.

आता काकांच्या म्हणण्याकडे. ‘पाणी तुझ्या घरातून आलं म्हणजे तू देणं लागतोस’ हे ऐकायला सरळ वाटतं, पण कायदा इतका सरळ नाही. इंग्लंडात १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात तत्त्व ठरलं की स्वतःच्या जमिनीत धोकादायक साठा केला आणि तो निसटला तर चूक असो-नसो, जबाबदारी तुमची. तिथे गोष्ट गिरणीच्या जलाशयाची होती. पुढे १९१३ मध्ये रिकर्ड्स विरुद्ध लोथियन हा मेलबर्नमधला खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. कुणा अज्ञात माणसाने वरच्या मजल्यावरचं बेसिन मुद्दाम तुंबवून नळ सोडून दिला होता आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला होता. मालक सुटला. घरात नळ, बेसिन असणं हा इमारतीचा साधा, नेहमीचा वापर आहे, तिथे रायलँड्स लावता येणार नाही, असं ठरलं. म्हणजे वरच्याची चूक दाखवावी लागते.

तेव्हा रविवारी विचारायचा प्रश्न हा: पाइप निसटेल हे कुणाला आधी कळू शकत होतं, आणि ते टाळणं कुणाच्या हातात होतं?

खजिनदारांना सांगा, मेंटेनन्स बिलात काय काय घालायचं ते उपविधींत ठरलेलं आहे. एका सभासदाने दुसऱ्याला द्यायची भरपाई त्यात बसत नाही. लिफ्टचं मात्र वेगळं आहे. ते सोसायटीचं स्वतःचं नुकसान. त्याची लेखी मागणी ४०२ च्या सभासदाकडे करा. नाहीच दिलं तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा रस्ता आहे. काकांचा मालकाविरुद्धचा दावा बहुधा दिवाणी न्यायालयात जाईल, आणि तिथे किती वर्षं लागतात ते मी सांगायला नको.

कुणी पाणी तोडायची धमकी द्यायला लागलं तर तिथेच थांबवा. त्याने सोसायटीच आरोपीच्या पिंजऱ्यात जाते.

पेन्शनर_पुणे

१९१३ सालचं मेलबर्न आणि आमचं कोथरूड! वकीलसाहेब, तत्त्वं ठीक आहेत, पण लिफ्टमध्ये रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात.

कज्जेदलाल

@पेन्शनर_पुणे, मान्य. तडजोडच करा, मीही तेच सांगेन. पण तडजोड करताना आपण काय सोडतोय हे काकांना माहीत असावं.

सदाभाडेकरू

वेगवेगळ्या शहरांत भाड्याने राहिलेला माणूस म्हणून बोलतो. मालक लोकांचं ‘डिपॉझिटमधून कापतो’ हे वाक्य ठरलेलं असतं. सचिवबाई, भाडेकरूला एक विचारा. त्याने पाइपबद्दल, नळाबद्दल मालकाला आधी कधी कळवलं होतं का? आम्ही भाडेकरू दुरुस्तीचं सगळं व्हॉट्सॲपवर मागतो, कारण स्वतः केली तर पैसे परत मिळत नाहीत. असा एक मेसेज सापडला तर चित्र पालटेल. आणि करारात किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती कुणाची ते लिहिलेलं असतं, ते बघा.

मावळतीची_खिडकी

पण नळ उघडा ठेवून घराबाहेर जाणं ही चूक नाही का? आमच्याकडे सासूबाई मशीन थांबलं की पहिल्यांदा नळ बंद करतात. मीही शिकले.

उगाच_एक

प्रामाणिकपणे सांगा, इथले किती जण दर वेळी मशीनमागे हात घालून नळ बंद करतात? आमच्याकडे तो नळ दिसतसुद्धा नाही.

कोबाभरणी

सिव्हिलवाला आहे, आयुष्य लिकेज शोधण्यात चाललंय.

@मावळतीची_खिडकी, सासूबाई बरोबर आहेत. जवळपास प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की वापर झाल्यावर नळ बंद करा. कारण नळ उघडा असला की मशीन बंद असो वा चालू, तो पाइप चोवीस तास दाबाखाली असतो. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मशीनच्या आत आहे, पाइपच्या पुढे. टाकी आणि नळ यांच्या उंचीत दहा मीटरचा फरक असला की साधारण एक बारचा दाब येतो, म्हणजे उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर तो आणखी जास्त. रबर वॉशर कडक झालं, प्लास्टिकच्या नटला बारीक चीर गेली की पाइप निसटायला निमित्तच लागतं. आणि पाणी किती जातं? मिनिटाला दहा लिटरची बादली भरणारा नळ धरा, तासाला ६०० लिटर झाले.

पण मला खटकतंय ते दुसरंच. मशीन कुठे आहे? ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्या-भांड्याच्या छोट्या बाल्कनीत) असेल तर तिथली फरशी स्वयंपाकघरापेक्षा खाली असते, उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या भोकाकडे, असतो. पाइप निसटला तरी पाणी जाळीतून निघून जायला हवं. ते उंबरा ओलांडून हॉलपर्यंत पोहोचलं कसं? सचिवबाई, मीटिंगच्या आधी वर जाऊन फरशी बघा. आणि तो निसटलेला पाइप, नट, वॉशर कुणी फेकून दिलं नसेल तर ताब्यात घ्या, पिशवीत घालून ठेवा.

हप्तेबाज

विम्यातला माणूस. काकांची घराची पॉलिसी आहे का? गृहकर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली असते आणि लोक फाइल उघडून बघतही नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून किंवा वाहून झालेलं नुकसानही त्यात येतं. भिंती-छताला कायमचं जोडलेलं काम इमारतीत मोजतात. सामानही आपोआप धरलं जातं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख. झिजेमुळे किंवा महिनोन्‌महिने झिरपून झालेलं नुकसान मात्र विसरा. अचानक घडलेलं हवं.

दोन सूचना. विम्याचे पैसेही घ्यायचे आणि वरच्याकडूनही तेवढेच घ्यायचे, असं चालत नाही. आणि विमा कंपनीला न विचारता वरच्याला ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. भरपाई दिल्यावर ती रक्कम दोषी माणसाकडून वसूल करायचा हक्क कंपनीला मिळू शकतो. तो तुम्ही परस्पर सोडून दिलात तर दावा अडकतो.

४०२ च्या मालकांची अशी पॉलिसी असेल तर ती त्यांच्या स्वतःच्या घरासाठी. शेजाऱ्याला द्यायच्या भरपाईसाठी वेगळं दायित्वाचं कलम घ्यावं लागतं, जे आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

राइनकाठची_रमा

जर्मनीत राहते. इथे खासगी दायित्व विमा जवळपास प्रत्येक घरात असतो. माझ्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो, त्यामुळे शेजाऱ्यांत आवाज चढत नाही, विमा कंपन्या आपसांत बघून घेतात. पण तो वस्तूची आजची किंमत देतो, नव्याची नाही. नव्याच्या किमतीसाठी ज्याचं त्याने घरसामानाचा विमा घ्यायचा. मशीनला दुहेरी पाइपचा ‘ॲक्वास्टॉप’ लावतात. आतला पाइप फुटला की बाहेरच्या नळीत पाणी उतरतं आणि नळाकडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. भारतातही काही मशीनांना येतो, विचारून घ्या.

पेन्शनर_पुणे

आलं जर्मनी. अजून अमेरिका कशी आली नाही?

नाइलाजाने_सचिव

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी चेअरमन आणि मी ४०२ मध्ये जाऊन आलो. कोबाभरणी, तुम्हाला साष्टांग.

ड्राय बाल्कनी आता अस्तित्वातच नाही! मालकांनी भाड्याने द्यायच्या आधी मधली भिंत काढून ती स्वयंपाकघरात घेतली, फरशी भरून एका पातळीत आणली आणि नहाणी ट्रॅपवर चक्क टाइल बसवली. मशीनचं वापरलेलं पाणी सिंकच्या आउटलेटमध्ये जोडलंय. सोसायटीच्या फाइलमध्ये या कामाचा अर्ज नाही, परवानगी नाही. मागच्या कमिटीला ‘तोंडी सांगितलं होतं’ म्हणे.

सदाभाडेकरू, तुमचाही नेम बरोबर बसला. भाडेकरूने साधारण महिन्यापूर्वी मालकांना मेसेज केलाय, सोबत फोटो: ‘मशीनच्या नळाला थेंब थेंब पाणी येतंय.’ मालकांचं उत्तर: ‘चिंधी बांधा, पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा बघू.’ चिंधी अजून तिथेच होती.

पाइप मशीनबरोबर आलेलाच आहे, कधी बदललेला नाही. नटला उभी चीर आहे. पिशवीत घालून ठेवलाय.

काकांची पॉलिसी होती, पण कर्ज फिटल्यावर नूतनीकरण केलं नाही. मालकांची आहे, फक्त त्यांच्या घरापुरती.

कोबाभरणी

मशीनमागचा पाइप निसटणं हा अपघात म्हणता येईल. ट्रॅपवर टाइल बसवणं हा अपघात नाही. बांधणाऱ्याने गळतीसाठी जी वाट ठेवली होती ती मालकाने बुजवली. आणि स्वयंपाकघराच्या, हॉलच्या स्लॅबवर सहसा वॉटरप्रूफिंग नसतं, ते फक्त संडास-बाथरूम, ड्राय बाल्कनी आणि गच्चीला करतात. म्हणून पाणी तिथे पोहोचलं की सरळ खाली.

कज्जेदलाल

हा मेसेज म्हणजे अर्धा खटला. धोका कळवला होता, ज्याच्या हातात दुरुस्ती होती त्याने चिंधीवर भागवलं. त्यात परवानगीशिवाय केलेला बदल. मालकाची बाजू आता फार लंगडी आहे. माझ्या मते मोठा भार त्यांचाच.

भाडेकरू पूर्ण सुटतो का? थेंब पडतोय हे माहीत असताना नळ उघडा ठेवून बाहेर जाणं, हा मुद्दा समोरचा वकील नक्की काढेल. थोडा भार त्याच्याकडे जाऊ शकतो. पण तो मालक-भाडेकरूंनी आपसांत बघावा. सोसायटीशी आणि काकांशी बोलायचं ते सभासदाने, म्हणजे मालकाने.

सदाभाडेकरू

चिंधी बांधायला सांगितलं, त्याने बांधली. अजून त्याने काय करायचं होतं?

मावळतीची_खिडकी

नळ बंद करायचा होता. :)

तिसरीघंटा

मध्येच घुसतो. मशीनच्या कंपनीवर ग्राहक आयोगात दावा नाही का करता येणार? नटला चीर म्हणजे सदोष माल.

कज्जेदलाल

@तिसरीघंटा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसानही त्यात धरलंय. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण मूळचा दोष सिद्ध करावा लागतो. वर्षानुवर्षं वापरलेला, गळतोय हे माहीत असलेला पाइप घेऊन गेलात तर पहिल्याच तारखेला ‘झीज’ हा शब्द ऐकाल. मेकॅनिकने मागच्या आठवड्यात चुकीचा बसवला असता तर गोष्ट वेगळी होती, सेवेतल्या दोषासाठी त्याला धरता आलं असतं. आरओवाल्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा होतं. फिल्टर बदलून जातात, पाव इंची नळी नीट आत ढकलली जात नाही आणि रात्री सुटते.

नाइलाजाने_सचिव

एक वेगळाच पेच आहे, त्यावर मत हवंय. मालकांचा सूर आता खाली आलाय. ते म्हणतात, देतो, पण काकांचं पीओपी बारा वर्षांचं जुनं, रंगही जुना, मग मी नव्याचे पैसे का द्यायचे? घसारा, म्हणजे जुनेपणामुळे कमी झालेली किंमत, धरा. आणि सगळ्या घराचा रंग कशाला, बेडरूमला पाणी लागलंच नाही. काकांना हे ऐकून इतका राग आला की ते उठून गेले. म्हणाले, ‘माझं छत अजून वीस वर्षं टिकलं असतं. मी पेन्शनीवर आहे. मला नवं छत नकोच आहे, माझं जुनं आणून द्या.’

टीपकागद

काका बरोबर बोलले. अर्धं पीओपी बाजारात मिळत नाही. सीलिंग, वायरिंग, पडलेल्या भागाचा राडारोडा काढणं यांत घसारा काढू नका, कारण दुरुस्ती करायची तर नवीनच करावी लागते. रंगाचं मालकांचं म्हणणं रास्त आहे. ज्या खोल्यांना पाणी लागलं त्या पूर्ण रंगवा, नुसता डाग झाकला तर थिगळ दिसतं. बेडरूमचा रंग काकांनी स्वतःच्या खर्चाने करावा. कपाटांत खरी घासाघीस होईल, तिथे थोडा घसारा धरला तर अन्याय होणार नाही. आणि एका कोटेशनवर जाऊ नका. दोन्ही बाजूंनी एकेक आणावं, कामाचे चौरस फूट आधी एकत्र मोजावेत. भांडण दरावरून कमी होतं, मापावरून जास्त होतं.

राइनकाठची_रमा

विमा नसला की घसाऱ्याचा फटका बिचाऱ्या खालच्याला बसतो, हे खरं. मी वर लिहिलं ते कंपन्यांचं गणित. माणसामाणसांत तेच लावलं पाहिजे असं काही नाही.

पेन्शनर_पुणे

@टीपकागद, पहिल्यांदाच या धाग्यावर कुणीतरी सरळ बोललं. काकांच्या जागी मी असतो तर मीही उठून गेलो असतो. फिफ्टी-फिफ्टीचं माझं म्हणणं या केससाठी मागे घेतो. फक्त या केससाठी.

कोबाभरणी

सोसायटीनेही आरशात बघावं. व्हॉल्व्ह लगेच सापडला असता तर लिफ्टपर्यंत पाणी गेलं असतं का? लिफ्टचे सगळे १८,००० मालकाकडून मागताना हा प्रश्न येणारच.

उगाच_एक

आमच्या गच्चीवर व्हॉल्व्हांची अशी गर्दी आहे की कुठला कुणाचा हे प्लंबरलासुद्धा आठवत नाही. तो एकेक बंद करतो आणि खाली आरडाओरडा कुठून होतो ते ऐकतो.

हप्तेबाज

हीच पद्धत सर्वत्र. मानकच समजा.

नाइलाजाने_सचिव

मीटिंग झाली. मालक व्हिडिओ कॉलवर होते, काका प्रत्यक्ष आले, भाडेकरू जोडपंही आलं. चढलेले आवाज वगळून लिहिते.

दोन्ही बाजूंचे कंत्राटदार एकत्र बोलावून माप घेतलं होतं. बेडरूम वगळली आणि एकच दर ठरला, तेव्हा सीलिंग, वायरिंग आणि दोन खोल्यांचा रंग मिळून आकडा १,२२,००० वर आला. तो पूर्ण मालक देणार, घसारा न काढता. निम्मे आगाऊ, निम्मे काम संपल्यावर, थेट कंत्राटदाराला. कपाटांवर एकमत झालं नाही. टीपकागद, ती प्लायची निघाली, त्यामुळे पूर्ण वाळल्यावर सुतार बघेल आणि मग ठरेल. काकांनी तसं लिहून घेतलंय की कपाटांचा प्रश्न मिटलेला नाही. (कज्जेदलाल, हे वाक्य तुमच्यामुळे सुचलं.)

भाडेकरूचं डिपॉझिट हा सोसायटीचा विषय नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर भाडेकरूने सगळ्यांसमोर फोन काढून तो चिंधीचा मेसेज वाचून दाखवला. मालक थोडा वेळ म्यूटवर गेले. परत आल्यावर म्हणाले, डिपॉझिटला हात लावणार नाही, नवीन पाइप मात्र भाडेकरूने बसवून घ्यावा, पैसे भाड्यातून वळते करावेत.

लिफ्टच्या खर्चावरून आमच्या कमिटीतच जुंपली. खजिनदारांना सगळे १८,००० हवे होते. शेवटी १२,००० मालकांनी आणि उरलेले सोसायटीने, कारण व्हॉल्व्ह सापडायला वेळ लागला हे चेअरमननी स्वतः मान्य केलं. ट्रॅपवरची टाइल फोडून जाळी पुन्हा उघडी करायची आणि तिथला कोबा व वॉटरप्रूफिंग मालकांनी करायचं, दोन महिन्यांची मुदत. मधली भिंत काढल्याबद्दल त्यांना अर्ज करायला सांगितलाय. सोसायटी तो मंजूर करेलच असं नाही.

चेअरमन जाताना मला हळूच म्हणाले, ‘तसा नियम फिफ्टी-फिफ्टीचाच आहे हो.’

कज्जेदलाल

कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्यात ना? भाडेकरूचीही घ्या, साक्षीदार म्हणून.

नाइलाजाने_सचिव

घेतल्या. मालकांची प्रत स्कॅन होऊन आली, मूळ प्रत कुरियरने येतेय.

टीपकागद

सीलिंग बंद करण्याआधी वरची ड्राय बाल्कनी पाण्याने भरून दोन-तीन दिवस तशीच ठेवा आणि खालून बघा. वरचं वॉटरप्रूफिंग दोन महिन्यांनी होणार आणि खालचं पीओपी आत्ता, हा क्रम उलटा आहे. आधी वर, मग खाली. कंत्राटदाराला हे परवडत नाही म्हणून तो सांगणार नाही.

नाइलाजाने_सचिव

अरे देवा. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मालकांना आजच फोन करते, मुदत अलीकडे आणावी लागेल. काकांना तोवर उघड्या स्लॅबखाली राहायला लागेल, पण दुसऱ्यांदा पडण्यापेक्षा ते बरं.

व्हॉल्व्हचं काम उद्या सुरू. प्लंबर, वॉचमन आणि मी, एकेक बंद करून नंबर टाकणार. मार्करने लिहिलं तर टिकेल का?

कोबाभरणी

एका उन्हाळ्यात उडून जाईल. पत्र्याचे बिल्ले करून घ्या, त्यावर फ्लॅट नंबर आणि ‘स्वयंपाकघर’, ‘बाथरूम’ असं ठोकून घ्या, तांब्याच्या तारेने बांधा. एका घराच्या दोन-तीन लाइनी असतात, म्हणून नुसता नंबर पुरत नाही. नकाशाची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. आणि जो व्हॉल्व्ह फिरवताना अडकेल तो त्याच दिवशी बदला, रात्री बारा वाजता तो तुटून हातात येतो.